जन्मवेळ, रात्री बारा

“मॅडम, रात्री बारा वाजता कापूस कोण वेचतं?”

शुक्रवारी दुपारी साडेतीनला, चहा टेबलावर येऊन निवत असताना, वैदेहीला फोनवर हा प्रश्न आला. तक्रारींचे फोन घेणारी सरिता रजेवर होती, म्हणून तो फोन आज वैदेहीच्या वाट्याला आला होता. एरवी तक्रारी ठरलेल्या असत. प्रिंट येत नाही, पासवर्ड विसरला, मराठी अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात. वधूवर मंडळांसाठी पत्रिका काढणारं आणि गुण जुळवणारं सॉफ्टवेअर तिची कंपनी पंधरा वर्षं विकत होती आणि त्याचा पाया वैदेहीनं स्वतः घातलेला होता. पण कापसाबद्दल आजवर कुणी विचारलं नव्हतं. पलीकडच्या मुलीनं आपलं नाव सायली सांगितलं. गाव देवगाव रंगारी, नोकरी इथंच शहरात, रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये, वय एकोणतीस. मग कुठंही न अडखळता, पाठ केल्यासारखं, तिनं सगळं सांगून टाकलं. मंडळात नाव नोंदवताना तारीख लिहिली होती, जन्मवेळेचा रकाना कोरा सोडला होता, कारण वेळ घरात कुणालाच ठाऊक नव्हती. छापून आलेल्या पत्रिकेत मात्र जन्मवेळ रात्री बारा, आणि मंगळ आठव्या घरात. आठव्या घरातला मंगळ म्हणजे नवऱ्याच्या जिवावर, असं लोक धरून चालतात. दोन वर्षांत दोन स्थळं त्या कागदावरून परत गेली. तिसरं लासूर स्टेशनचं, सोमनाथ नावाचा मुलगा, वाळूजला कंपनीत आहे. तो स्वतः राजी आहे, महिनाभर दोघं फोनवर बोलताहेत, पण त्याच्या आईच्या हातात परवा तोच कागद पडला. रविवारी ती माणसं काय ते कळवणार. सायलीचं म्हणणं एवढंच होतं की तिची आई कापूस वेचायला गेली होती तेव्हा शेतातच तिचा जन्म झाला. मग हे रात्रीचे बारा आले कुठून?

“मंडळातले काका म्हणतात, कॉम्प्युटरनं काढली असंल वेळ,” ती म्हणाली. “आमच्याकडं सॅम्पलवर वेळ लिहिलेली नसली, तर आम्ही ते सॅम्पल घेतच नाही. परत पाठवतो. तुमच्यात काय करतात?”

बघून सांगते, असं वैदेही म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. खरं तर बघण्यासारखं काही नव्हतं. बारा कुठून आले ते तिला प्रश्न पुरा होण्याआधीच कळलं होतं. ती चहावर धरलेल्या सायीकडे बघत बसली.

तरीही तिनं तो जुना कोड उघडला. त्यात ‘वेळ’ नावाचा एक क्लास होता. क्लास म्हणजे साचा. त्यातून पाहिजे तेवढ्या वेळा पाडायच्या, प्रत्येकीच्या पोटात फक्त तास आणि मिनिट. तारीख नाही, वार नाही, गाव नाही. नऊ चाळीस म्हणजे नुसते नऊ चाळीस, कुठल्याच दिवसाचे नसलेले. सव्वीस वर्षांच्या वैदेहीला या गोष्टीचं तेव्हा फार अप्रूप वाटलं होतं. दिवसापासून सुटी केलेली वेळ हातात धरता येते, दुसऱ्या वेळेशी ताडून बघता येते, रात्रीच्या साडेअकरात पन्नास मिनिटं मिळवली की मध्यरात्र ओलांडून ती पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागते. एकदा बनवलेली वेळ बदलता येणार नाही, अशीही व्यवस्था तिनं करून ठेवली होती. बदल हवा असेल तर नवी बनवा, जुनी जशीच्या तशी राहील. पंचवीस वाजले म्हणून कुणी सांगितलं तर तो क्लास घेत नसे. एकसष्टावं मिनिट घेत नसे. ती अभिमानानं सगळ्यांना दाखवायची, बघा, माझ्या वेळेला खोटं चालत नाही. अशक्य ते सगळं त्या वेळेनं दारातच अडवलं होतं. माहीत नसलेलं मात्र मुकाट आत घेतलं होतं. हा फरक तेव्हा तिच्या ध्यानातच आला नव्हता, असं आज म्हणून टाकता आलं असतं तर बरं झालं असतं. पण तो आला होता, आणि तेच तिला आता खात होतं.

तो दिवस तिला लख्ख आठवत होता. मंडळवाल्या पन्नासेक लोकांसमोर सॉफ्टवेअर दाखवायचं होतं, पाच वाजता, आणि साडेचारला तिनं सहज म्हणून वेळेचा रकाना कोरा ठेवून बटण दाबलं तर सगळा डोलारा कोसळला. पडद्यावर इंग्रजीतल्या लाल ओळी. खाली अभय गाडी सुरू ठेवून हॉर्न वाजवत होता. अभय म्हणजे कंपनीचा मालक, तेव्हा तोही अठ्ठावीसचा, वडिलांचं घर तारण ठेवून धंद्यात उतरलेला. कोऱ्या रकान्याचं काय करायचं हा विचार करायला निदान एक दिवस हवा होता, आणि हातात होती दहा मिनिटं. तास दिला नसेल तर शून्य धर, मिनिट दिलं नसेल तर शून्य धर, एवढ्या दोन ओळी तिनं टाकल्या. शून्य तास, शून्य मिनिट म्हणजे मध्यरात्र. सॉफ्टवेअर कोसळायचं थांबलं, टाळ्या पडल्या, त्या संध्याकाळी चार मंडळांनी नोंदणी केली. त्या दोन ओळींच्या वर तिनं मराठीत एक शेरा लिहून ठेवला होता. ‘तात्पुरतं. नंतर बघू.’ शेऱ्याखाली तारीखसुद्धा होती.

गंमत म्हणजे हे काम तिच्याकडे आलं ते अनंतरावांमुळे. अनंतराव तिचे वडील, जिल्हा परिषदेत कारकून, आणि रविवारी सकाळी घरच्या ओसरीवर पत्रिका मांडणारे. भिक्षुकी आजोबांबरोबरच संपली होती, पंचांग तेवढं घरात उरलं होतं. खेड्यापाड्यांतून लोक यायचे, बरोबर खडीसाखर नाहीतर दोन कणसं. अनंतराव जन्मवेळ विचारत. ठाऊक नाही म्हटलं की पाऊण तास उलटतपासणी चाले. गुरं सुटली होती का, दिवे लागले होते का, भोंगा झाला होता का, नमाजाची बांग ऐकू आली होती का. त्यातून एखादी वेळ हाती लागली तर ठीक, नाहीतर ते पेनचं टोपण लावून कागद घडी करून परत देत. वेळ नाही तर पत्रिका नाही. खडीसाखरही परत. लहानपणी वैदेहीला याची लाज वाटायची. एवढ्या लांबून आलेल्या माणसाला दोन बऱ्या गोष्टी सांगून पाठवायला काय जातं, असं तिला वाटे. सॉफ्टवेअर तयार झालं तेव्हा अनंतरावांनी दहा पत्रिका हातानं मांडून तिच्या पत्रिकांशी ताडून बघितल्या होत्या. दहाही जुळल्या. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि तसं ते सहसा करत नसत. कोरा रकाना ठेवून मात्र त्यांनी बघितलं नाही. त्यांच्या लेखी कोऱ्या वेळेची पत्रिका ही चीजच अस्तित्वात नव्हती. तीन वर्षांपूर्वी ते गेले, आणि ही गोष्ट त्यांना कळली नाही याचं तिला आज चक्क बरं वाटलं. मग तसं वाटल्याची शरम वाटली.

स्वतःच्या जन्मवेळेचा विचार तिनं कधी केला नव्हता. केला नव्हता कारण ती होती. सकाळी नऊ अठरा. घाटीच्या सरकारी दवाखान्यात बाहेर बाकावर अनंतराव मनगटावरच्या घड्याळाकडे डोळे लावून बसले होते, नर्सनं दार उघडून मुलगी म्हटल्याबरोबर त्यांनी तिला बाळ रडल्याची नेमकी वेळ विचारली आणि तिच्या शिव्या खाल्ल्या. आई भानुमती हा किस्सा दर वाढदिवसाला सांगायची. वैदेहीचा पत्रिकेवर विश्वास नव्हता, कधीच नव्हता. लग्नही तिनं पत्रिका न बघता केलं होतं. पण नऊ अठरा हे मिनिट आपलं आहे, त्या मिनिटाला कुणीतरी आपल्यासाठी घड्याळ बघत होतं, ही गोष्ट तिच्यापाशी जन्मभर होती आणि तिची किंमत तिला आज कळत होती. पुंजाराम कप न्यायला आला. ऑफिसातला सगळ्यात जुना माणूस. त्याचा वाढदिवस एक जून, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी वर्गातल्या निम्म्या पोरांना एक जून लावून टाकला होता. दर वर्षी ऑफिसात केक येतो, तो हसून कापतो. एकदा तिनं त्याला खरी तारीख विचारली होती. आखाड होता, एवढंच आई म्हणायची, असं तो म्हणाला होता आणि पुन्हा हसला होता. तेव्हा तीही हसली होती.

साडेपाचला तिनं सगळ्या नोंदी चाळल्या. बरोबर शून्य तास शून्य मिनिटांवर जन्मलेली माणसं सहा हजार तीनशे बारा. त्यातली काही खरोखरच मध्यरात्री जन्मलेली असणार, आणि ती कोणती हे आता जगातल्या कुठल्याही युक्तीनं सांगता येणार नव्हतं. खरे बारा आणि भरलेले बारा यांच्यात तिनं काही फरकच ठेवला नव्हता. त्या सहा हजारांतल्या किती जणांना मंगळ निघाला हे एका ओळीत कळलं असतं. तिनं ती ओळ लिहिली आणि न चालवता पुसून टाकली. आपल्यात तेवढं धैर्य नाही, हे तिनं स्वतःशी सरळ कबूल केलं.

अभय काही वाईट माणूस नव्हता. त्यानं दार लावून घेतलं, सगळं ऐकलं, कपाळ चोळलं. पुढच्या महिन्याच्या अपडेटमध्ये गुपचूप दुरुस्त करून टाकू, असं त्याचं मत पडलं. वेळ नसेल तर पत्रिका छापायचीच नाही, संपला विषय. सायलीला लेखी काही द्यायला मात्र त्याची तयारी नव्हती. आज एक पत्र बाहेर गेलं की उद्या दोनशे मंडळं दारात. शिवाय लोक पत्रिका सोयीनं मानतात आणि सोयीनं मोडतात, ज्यांना नकोच होतं त्यांनी मंगळाचं निमित्त केलं, आपण कशाला जिवाला लावून घ्यायचं. हे सगळं खोटं होतं असंही नाही. वैदेही म्हणाली की पत्र ती स्वतःच्या नावानं, साध्या कागदावर देईल. अभय उठून क्रांती चौकाकडच्या खिडकीपाशी गेला.

“पंधरा वर्षं झाली गं,” तो म्हणाला. “तेव्हा खाली हॉर्न मीच वाजवत होतो.” यापुढं त्यानं हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. जाताना फक्त पुंजारामला सांगून गेला, उद्या शनिवार असला तरी मॅडमसाठी ऑफिस उघडून दे.

शनिवार पाण्याचा दिवस होता. आठवड्यानं येणारं पाणी सकाळी सहाला आलं, टाकी भरली, पिंपं भरली, आणि त्या गडबडीतही तिच्या डोक्यात सायलीचा जन्मदिवस फिरत होता. तारीख नोव्हेंबरातली. ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर होती, म्हणजे तिथं तरी एक जूनचा घोळ नव्हता. ऑफिसात येऊन तिनं त्या तारखेच्या सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत मिनिटामिनिटाची पत्रिका मांडून बघितली. दर दोनेक तासांनी लग्नरास बदलते, तिच्याबरोबर घरं सरकतात आणि मंगळ कधी दोषाच्या घरात पडतो, कधी बाहेर. उत्तर सरळ होतं. सकाळी साडेसातपासून नऊ चौतीसपर्यंत मंगळ चौथ्या घरात, म्हणजे दोष आहेच. नऊ पस्तीसपासून थेट अकरा वीसपर्यंत पत्रिका स्वच्छ. कापूस वेचायला बाया सकाळी जातात. म्हणजे प्रश्न एका मिनिटावर येऊन थांबला होता, आणि ते मिनिट कुणीच बघितलेलं नव्हतं. वैदेहीला एकदम हलकं वाटलं. दहा लिहायचे. दहा वाजता कापूस वेचणारी बाई कुणालाही पटेल. सहा हजार माणसांना आपण नकळत खोटी वेळ दिली, मग एकीला जाणूनबुजून, तिच्या भल्यासाठी द्यायला काय हरकत आहे? पेनचं टोपण लावणारे अनंतराव डोळ्यांपुढे आले, पण त्यांना ती मनातल्या मनात म्हणाली, तुमच्याकडून परत गेलेल्या माणसांचं पुढं काय झालं, हे तुम्ही तरी कधी विचारलंत?

अकराला सायली आली. बरोबर तिची आई वच्छलाबाई, सकाळच्या एसटीनं आलेली, नऊवारीचा पदर डोक्यावरून घेतलेली, हातात पिशवी. वैदेहीनं आधी पत्र दिलं. पत्रिकेतली वेळ चुकीची आहे, ती माहीत नसताना सॉफ्टवेअरनं भरली, चूक माझी आहे, एवढ्याच चार ओळी आणि खाली सही. सायलीनं ते दोनदा वाचलं, घडी करून पर्समध्ये ठेवलं. मग लॅबमधल्या माणसाचा सरळपणा तिनं इथंही दाखवला. सोमनाथच्या आईला नुसतं हे चूक आहे सांगून भागणार नाही, मग बरोबर काय ते त्या विचारतील. नवी पत्रिका लागेल. कोणत्या वेळेला मंगळ टळतो? वैदेहीच्या ओठांवर दहा आले होते. सांगायच्या आधी, का कोण जाणे, ती वच्छलाबाईंकडे वळली आणि त्या दिवशी काय काय झालं ते सांगा म्हणाली.

वच्छलाबाईंनी आधी मुलीकडे बघितलं, मग वैदेहीकडे.

“कोणतं सांगू, ताई? तुमाला कोणतं पायजे तसं सांगते.”

त्यांनी हे लबाडीनं विचारलं नव्हतं. मुलीचं लग्न अडलंय, समोर शिकलेली बाई बसलीय, तिला सोयीचं उत्तर द्यावं, एवढाच त्यात विचार होता. आणि वैदेहीनं त्या क्षणी नऊ पस्तीसच्या पुढचं काहीही सांगा असं म्हटलं असतं, तर गोष्ट तिथंच मिटली असती. पण त्या चेहऱ्याकडे बघून तिला तसं म्हणवेना. तुम्हाला जे आठवतं ते सांगा, एवढंच ती म्हणाली.

मग वच्छलाबाई बोलायला लागल्या आणि बोलता बोलता मंगळ विसरून गेल्या. दुसरी वेचणी होती. दिवस भरायला अजून पंधरवडा आहे असा हिशोब होता, म्हणून सासूनं जाऊ दिलं. दिवस कासराभर वर आला असेल. दहिवर पडलेलं होतं, लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं झालं होतं, बोटं गारठून बोंडातून कापूस सुटत नव्हता. भाकरीची फडकीसुद्धा अजून सोडली नव्हती. कपाशीच्या चौथ्या ओळीला कळ आली ती खाली बसवूनच राहिली. चुलत जाऊ धावत आली. आडोशाला बांधापर्यंत जायलाही सवड मिळाली नाही. “वटीतला कापूस समदा भुईवर पसरला जाऊनं, अन् त्याच्यावरच ठिवली हिला. लई ऊन पडलं नव्हतं अजून. गार लागंल म्हून वरून बी कापूसच घातला.” एवढं सांगून त्या थांबल्या आणि हातानं तो कापूस अजून सारखा करत राहिल्या.

सायलीनं हे कधी ऐकलं नव्हतं. कापूस वेचताना झालीस, एवढं एकच वाक्य तिला आजवर मिळालेलं होतं. ती आईच्या हाताकडे बघत होती. वैदेहीच्या मनात मात्र आकडेमोड होऊन बसली होती. दहिवर सुकलं नव्हतं, म्हणजे नोव्हेंबरात साडेआठ, फार तर नऊ. नऊ चौतीसच्या चांगलंच अलीकडे. जे त्या रात्रीच्या बारांनी चुकून सांगितलं होतं तेच आता आईची आठवण खरेपणानं सांगत होती, घर तेवढं आठव्याचं चौथं झालं होतं. असं होईल हे तिच्या स्वप्नातही नव्हतं, आणि तिला वच्छलाबाईंना विचारल्याचा पश्चात्ताप झाला.

“मंगळ आहे ना?” सायलीनं तिच्या चेहऱ्याकडे बघून विचारलं.

“आहे,” वैदेही म्हणाली. मग घाईघाईनं तिनं उरलेलंही सांगितलं. नेमकं मिनिट कुणालाच ठाऊक नाही, दहा वाजता धरलं तर दोष राहत नाही, तसं धरायला तिची ना नाही, ती आत्ता छापून देईल आणि उद्या कुणी विचारलं तर जबाबदारी घेईल. हे सगळं ती सायलीसाठी बोलत होती की स्वतःच्या सुटकेसाठी, तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

उद्याचा रविवार सायलीच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. मग ती म्हणाली, “नको, मॅडम. ते रात्रीचे बारा तेवढे खोडा. दहिवर होतं तेच लिहा.” आणि थोड्या वेळानं, “मंगळ असला तर असू द्या. पण माझा तरी असंल.”

तास आणि मिनिट, असं तो क्लास विचारत होता. वैदेहीनं रात्रीच घरी बसून त्याला तिसरं काहीतरी शिकवलं होतं, अमुक वेळेपासून अमुक वेळेपर्यंत, त्याहून नेमकं माहीत नाही असं मान्य करायला. आठ ते नऊ, तिनं भरलं. प्रिंटर घरघरायला लागला. सोमवारपासून सहा हजार तीनशे बारा घरी असेच फोन करायचे आहेत, हे तिला माहीत होतं, आणि त्यातली कित्येक लग्नं मोडून, जुळून, म्हातारी होत चालली असतील हेही. तेवढ्यात सायलीनं तिथंच बसल्या बसल्या फोन लावला. पलीकडे सोमनाथ होता.

“ऐका ना,” ती म्हणाली. “माझा जन्म सकाळचा आहे.” आणि मग तिनं त्याला आत्ताच ऐकलेलं सगळं सांगितलं, बोंडं, गारठलेली बोटं, न सोडलेली भाकरी, भुईवर पसरलेला कापूस. मंगळाचं तिनं सगळ्यात शेवटी सांगितलं, मुळीच न लपवता. आणि आता पत्रिकेनं नाही, तुम्ही काय ते सांगा, असंही म्हणाली. त्यानंतर ती नुसती कानाला फोन लावून बसली. प्रिंटर थांबला. वच्छलाबाई पिशवीचा बंद मुठीत धरून मुलीच्या तोंडाकडे बघत होत्या आणि वैदेही कागद उचलायचा विसरून गेली होती.

मग सायलीचे डोळे एकाएकी भरून आले. तिनं फोन खाली न ठेवता आईकडे बघितलं.

“ते विचारतायत, मी झाल्याबरोबर रडले होते का.”

वच्छलाबाईंनी पदरानं तोंड पुसलं. “व्हय, रडली ना,” त्या म्हणाल्या. “समद्या शिवारानं ऐकलं.”